एसीबीनं केलेलं फोन रेकॉर्डिंग कोर्टात चालतं का? परवानगी नसेल तर केस उडते का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की चुलतभावावर लाचेची केस आहे, एसीबीकडं (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडं) त्याच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आहे आणि गावात सगळे म्हणायलेत की टॅपिंग बेकायदा, केस उडणार. मी इकडं बीडला फौजदारीचीच कामं बघतो, तर स्पष्ट सांगतो, नुसत्या तेवढ्यावर केस उडत नसती.

पहिलं बघा ते खरंच टॅपिंग आहे का. एसीबीवाले बहुतेक वेळा तक्रारदाराजवळच रेकॉर्डर देऊन पंचांसमोर मागणीची पडताळणी करतेत, त्याला टॅपिंग म्हणत नाहीत, कारण बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला सगळं माहीत असतंय. मलकानी केसमध्ये (मुंबईचा कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, लाचेचंच प्रकरण, निकाल १९७२) सुप्रीम कोर्टानं हेच धरलं आणि वर हेही म्हटलं की पुरावा गैरमार्गानं मिळवला म्हणून आपोआप बाद होत नाही.

खरं टॅपिंग असेल तर गृहसचिवाचा आदेश लागतो, तोही ६० दिवसांचा, वाढवून वाढवून १८० च्या वर नाही. आधी हे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात होतं, आता २०२३ चा टेलिकॉम कायदा आलाय. घाईत पोलिसांच्या बड्या अधिकाऱ्यानं आदेश काढला आणि वेळेत वरून मंजुरी आली नाही तर ते रेकॉर्डिंग पुराव्यात वापरता येत नाही असं २०२४ च्या नियमातच आहे. मुंबई हायकोर्टानं २०१९ ला विनीत कुमार केसमध्ये सीबीआयसाठी काढलेले टॅपिंगचे आदेश रद्द केले, लाचेच्या केसमध्ये सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न कुठून आला म्हणून. पण उलटे निकालही आहेत, संसद हल्ल्याच्या केसमध्ये टॅप केलेले कॉल चालले.

माझं म्हणाल तर खरी मारामारी सर्टिफिकेटवर असते, म्हणजे रेकॉर्डिंगची नक्कल कुठल्या यंत्रातून कशी काढली याचा सही केलेला दाखला. आणि तो कायदा ठरला आपल्या जालन्याच्या भांडणात! २०१४ ची विधानसभा, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, फॉर्म वेळेत भरला का नाही यावर वाद, निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्याच्या सीड्या मिळाल्या पण साहेब लोक सर्टिफिकेट देईनात. २०२० ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, मूळ यंत्रच कोर्टात आणलं नाही तर सर्टिफिकेट पाहिजेच, फक्त तुम्ही मागून मागून थकलात आणि अधिकारी देतच नसला तर सूट. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) कलम ६३ खाली ते सर्टिफिकेट दोन भागात द्यावं लागतंय, हॅश व्हॅल्यूसकट (फाईलच्या बोटांच्या ठशासारखा आकडा).

आवाजाचा नमुना द्यायचा मॅजिस्ट्रेट हुकूम करू शकतो (रितेश सिन्हा, २०१९), तिथं नको म्हणून भागत नाही.

वकिलाला सांगून पडताळणी पंचनामा, सर्टिफिकेट, लॅबचा रिपोर्ट आणि टॅपिंग असेल तर आदेशाची नक्कल अर्ज देऊन मागा. अन् भावाला म्हणावं, तवर तक्रारदाराला फोन लावून "मिटवून घेऊ" म्हणत बसू नको, तेही रेकॉर्ड होतंय.