मुरबाडच्या अडीच एकर भातशेतीला मिनी ट्रॅक्टर पुरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी घणसोलीत, सरळगावच्या पुढे वडिलोपार्जित अडीच एकर, बहुतेक भात आणि पाऊस संपल्यावर थोडी काकडी-भेंडी. बैल विकून चार वर्षं झाली, भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही. तर आताचे नवे मिनी ट्रॅक्टर खरंच तुमची गरज भागवतात का, आणि घ्यायचा तर किती एचपीचा?

मी कळव्याला राहतो, शेत शहापूर तालुक्यात किन्हवलीकडे. 2021 साली आम्ही तीन घरांनी मिळून 21 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर घेतला. एक मी, एक माझा चुलत भाऊ आणि एक शेजारी. त्याच्यावर पाच पावसाळे काढलेत, त्या अनुभवावरून लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या आकाराच्या बहुतेक ट्रॅक्टरांना खालचं सगळं लागू पडतं.

आधी हिशेब करू. अडीच एकराला एक उखळणी (माती पहिल्यांदा उकरणं), दोन वेळा चिखलणी (पाण्यात माती घुसळून चिखल करणं) आणि शेवटी फळी (चिखल सपाट करणं). आपली खाचरं (बांध घातलेले भाताचे तुकडे) लहान, निम्मा वेळ वळण्यात जातो, म्हणून एकरी 5-6 तास धरा. भाताचे झाले 15 तास. भाजीच्या वाफ्यांचे आणखी 8-10. म्हणजे वर्षाला 25 तास. आमच्याकडे रोटावेटरसकट (मागे जोडायचं, फिरत्या पात्यांनी माती घुसळणारं अवजार) भाडं तासाला 1000-1200 रुपये आहे, तेव्हा तुमचा वर्षाचा खर्च 30 हजारांच्या आत राहतो. मिनी ट्रॅक्टर आणि रोटावेटर मिळून 5-6 लाख सहज लागतात, कर्ज काढलं तर हप्ताच वर्षाला लाखाच्या वर जातो. एकट्याच्या अडीच एकरावर हा पैसा निघत नाही. विक्रेता काहीही सांगो, हे आकडे घरी वहीवर मांडून बघा.

तरीही मला ट्रॅक्टर घेतल्याचा पश्चात्ताप नाही, आणि त्याचं कारण जुलै महिना. 2020 साली भाड्याचा ट्रॅक्टर आमच्याकडे 11 दिवस उशिरा आला. ज्याची शेती मोठी त्याचं काम आधी, हे सगळीकडेच चालतं. आम्ही कर्जत-3 लावतो, हळवं म्हणजे लवकर तयार होणारं भात. त्याचं रोप 21 ते 25 दिवसांचं असताना लावणी झाली पाहिजे. आमचं रोप पस्तिशीच्या पुढे गेलं, पेरं धरली, लावल्यावर फुटवे आलेच नाहीत. भाऊ बांधावर उभा राहून नुसता बघत होता, ते मी विसरलेलो नाही. हळव्या जातीला मुळात दिवस कमी, त्यातले दहा दाढीतच, म्हणजे रोपवाटिकेतच, गेले की पीक ते भरून काढत नाही. गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या, भाताला थोडी सवड असते.

म्हणून मी असं म्हणेन की आपल्यासारख्या लहान शेतकऱ्याला जुलैतले ते आठ-दहा दिवस हातात हवे असतात. ट्रॅक्टरची प्रत्येक गोष्ट याच एका कसोटीवर तपासा: पाऊस पडतोय, रोप तयार आहे, त्या आठवड्यात हे यंत्र माझ्या खाचरात चालेल का?

या कसोटीवर एचपी मागे पडतो. रोटावेटरची पाती चाकांच्या दिशेनेच फिरतात आणि ट्रॅक्टरला थोडं पुढे ढकलतात, त्यामुळे चिखलणीला लहान इंजिनही पुरतं. नांगराचं उलट आहे. नांगर ओढायला ट्रॅक्टरला वजन लागतं, आणि मिनी ट्रॅक्टरचं वजन साधारण 600 ते 900 किलो. 40-45 एचपीचा मोठा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास जातो. उन्हाळ्यात कडक झालेल्या जमिनीत आमच्या 21 एचपीला नांगर लावला की चाकं जागच्या जागी फिरतात. ती गरज तो भागवत नाही, भागवणारही नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट हवी असेल तर ती भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडून उन्हाळ्यात करून घ्या. तेव्हा कोणाचीच घाई नसते, ट्रॅक्टर हवा तेव्हा मिळतो.

चिखलात मात्र हेच हलकेपण कामी येतं. वर्षानुवर्षं चिखलणी करून आपल्या खाचराच्या तळाशी एक घट्ट थर बसलेला असतो. पाणी तोच धरून ठेवतो. जड ट्रॅक्टर तो थर फोडून खाली बसतो, मग पाणी मुरत राहतं आणि पुढच्या वर्षी चाक आणखी खोल जातं. आमच्या वरच्या खाचरात भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने केलेला खड्डा अजून पूर्ण भरलेला नाही.

फोर व्हील ड्राइव्हवर मात्र तडजोड करू नका. महिंद्राचा युवराज 215 किंवा स्वराज 717, हे 15 एचपीचे ट्रॅक्टर मागची दोनच चाकं ओढणारे आहेत. बागेत, भाजीत, कोरड्या रानात ते चांगलं काम करतात, किंमतही कमी. खोल चिखलात पुढची चाकं नुसती ढकलली जातात, पुढे चिखलाचा ढीग होतो आणि स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. कुबोटाचा नियोस्टार ए211एन, महिंद्राचा जीवो 245 किंवा 2023 मध्ये आलेले ओजा, यांत चारही चाकं ओढतात. आमच्याकडची खाचरं 4-5 गुंठ्यांची, दर मिनिटाला वळायचं, तिथे हा फरक फार मोठा आहे. पुढे-मागे जाण्यासाठी शटलचा वेगळा दांडा असेल तर दर वळणाला गिअरशी झटापट करावी लागत नाही. भाऊ म्हणतो की तीन सिलिंडरच्या इंजिनमुळे दिवसअखेर हात बधिर होत नाहीत. तो दिवसाला आठ तास बसतो, मी रविवारी दोन तास. त्यामुळे यात त्याचंच मत खरं मानतो.

रुंदीचं एक लक्षात ठेवा: रोटावेटर दोन्ही मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांइतका तरी रुंद हवा. अरुंद असेल तर चाकाची पट्टी तशीच राहते आणि लावणीला बायका तिथे पाय ठेवताच सांगतात, इथे टणक आहे.

आता ज्या गोष्टीने आम्हाला खरंच रडवलं ती. दुसऱ्याच पावसाळ्यात मागच्या चाकाच्या बाजूने चिखलाचं पाणी आत गेलं. गिअरचं तेल काढून बघितलं तर दुधाळ चहासारखं. ऑइल सील गेलं होतं. सर्व्हिसला फोन केला, मेकॅनिक चौथ्या दिवशी आला, आणि सील त्याच्याकडे नव्हतं. ते यायला आणखी दोन दिवस. सहा दिवस ट्रॅक्टर खाचरातच उभा, आणि पाऊस मस्त पडत होता. लाखो रुपये ज्या वेळेसाठी मोजले तीच वेळ काही रुपयांच्या रबराच्या कडीने खाल्ली. तेव्हापासून सीलचा एक जोड, फिल्टर, फॅन बेल्ट आणि रोटावेटरची पाती जूनआधीच घरात आणून ठेवतो, आणि चिखलणी संपली की दर वर्षी तेल तपासतो. तुम्ही शोरूममध्ये गेलात की मायलेजआधी विचारा: जुलैमध्ये मुरबाडला तुमचा माणूस किती तासांत येतो आणि सुटे भाग कल्याणला आहेत की मुरबाडला? त्याच रस्त्यावरच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावून तेच पुन्हा विचारा. ब्रेक तेलात बुडालेले असतील तरच घ्या. कोरड्या ब्रेकमध्ये चिखल शिरतो.

आणखी एक कागद फार थोडे लोक बघतात. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे, तिथे ट्रॅक्टरांची चाचणी होते. त्या अहवालात पीटीओला (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याला) प्रत्यक्ष किती ताकद मिळाली, लिफ्टने किती वजन उचललं, चिखलणीत कसा चालला, पाणी-चिखल आत गेला का, हे सगळं असतं. इंजिन 21 एचपीचं असलं तरी मागे पीटीओला 15 ते 18 च मिळतात, आणि रोटावेटर त्याच ताकदीवर फिरतो. तुमच्या मॉडेलचा अहवाल मागा. देतो म्हणून टाळत राहिले तर दुसरं मॉडेल बघा.

ट्रॉलीची आशा फार धरू नका. भाताचे भारे, पेंढा, खत गावातल्या गावात होतं. पण विटा किंवा रेती भरून उतारावर गेलात तर मागची ट्रॉली हलक्या ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि ब्रेक पुरत नाहीत. मुरबाडच्या रस्त्याला पावसात ते करू नका.

आणि बांध. हे मी कळकळीने सांगतो. मिनी ट्रॅक्टर लहान दिसतो म्हणून माणसं तो बांधावर सरळ चढवतात. पुढची चाकं वर, मागची चिखलात रुतलेली, क्लच पटकन सोडला की पुढचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. आमचा एकदा फूटभर उचलला गेला होता, भावाने क्लच दाबला म्हणून वाचला. आता आम्ही दोन्ही बाजूंना मातीचा उतार केल्याशिवाय बांध ओलांडत नाही, उंच बांधावर रिव्हर्समध्येच चढतो, रोटावेटर जमिनीलगत ठेवतो आणि चिखलात रुतला तर जबरदस्ती न करता दोराने काढतो. डोक्यावर संरक्षक कमान बसवून मिळत असेल तर पैसे देऊन घ्या. वडिलांना किंवा कॉलेजातल्या मुलाला हे शिकवल्याशिवाय चावी देऊ नका.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या शेतापर्यंत वाट कशी आहे? आमच्याकडे दुसऱ्याच्या खाचरांतून जावं लागतं. मधल्या माणसाने आधी लावणी केली की वाट बंद, मग दारातला ट्रॅक्टर दारातच. आम्ही तिन्ही घरांनी ठरवलंय की सगळ्यात आतलं खाचर आधी आणि रस्त्याकडचं शेवटी, मग ते कोणाचंही असो. पहिल्या वर्षी यावरून वाद झाला, आता होत नाही. रस्त्याकडचं खाचर माझं असल्यामुळे माझी लावणी शेवटी होते.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा. एकट्याने घेऊ नका. शेजारच्या दोन-तीन घरांना धरा, एकूण 8-10 एकर जमवा, वर चार-पाच एकर भाड्याने करता आलं तर हप्ता निघतो. आमच्या मीटरवर पाच वर्षांत 900 तास झालेत, त्यातले निम्म्याहून जास्त दुसऱ्यांच्या शेतातले. गावात राहणारा एक चालक नक्की असू द्या. तुम्ही घणसोलीत, मी कळव्यात, पाऊस काही शनिवार बघून येत नाही. घरं जुळत नसतील आणि खाचरं फार लहान असतील तर 12-13 एचपीचा पॉवर टिलर बघा. चिखलात त्याच्यामागे चालणं कष्टाचं आहे, पण बांध आणि वाट दोन्ही प्रश्न सोपे होतात. तिसरा मार्ग म्हणजे नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत: एकदा गादीवाफे करायचे आणि मग चिखलणी, नांगरणी, लावणी काहीच नाही, टोकणणीच, म्हणजे बी थेट टोचून लावायचं. तणाकडे बारीक लक्ष द्यावं लागतं. मी तीन गुंठ्यांवर दोन वर्षं करतोय आणि तेवढ्यापुरता तरी ट्रॅक्टरची वाट बघावी लागत नाही.

घ्यायचंच ठरलं तर आधी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज करा. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के अनुदान, पण वर कमाल रकमेची मर्यादा असते, म्हणून निम्मी किंमत सुटेल असं धरू नका. पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी खरेदी केलीत तर अनुदान जातं, आमच्या गावात दोघांचं गेलंय. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुना दर लावलेलं कोटेशन घेऊ नका.

डेमो चिखलातच मागा, माळावर सगळेच ट्रॅक्टर छान चालतात. आणि या रविवारी गावी जाल तेव्हा टेप घेऊन जा. रस्त्यापासून तुमच्या पहिल्या खाचरापर्यंत सगळ्यात अरुंद जागा किती फूट आहे, बांध किती उंच आहेत आणि सगळ्यात लहान खाचर किती गुंठ्यांचं आहे, हे मोजून इथेच लिहा. मग मिनी ट्रॅक्टर की टिलर, हे तुम्हाला नेमकं सांगतो.