आधी बघू द्या, मग सांगा

सातवीला इतिहास पहिल्यांदाच शिकवताय, म्हणून सांगते. जुना फोटो दाखवून लगेच ‘हा आपला इंदूरचा राजवाडा’ म्हणू नका. नाव कळलं की मुलं बघायची थांबतात. फोटोवर कोरा कागद ठेवा, एकच कोपरा उघडा आणि दोन मिनिटं गप्प बसा. ही शांतता सुरुवातीला जड जाते. मग विचारा, काय दिसतंय? कुणी ‘गरीब माणूस’ म्हटलं, तर ‘कशावरून?’ पायात चप्पल नाही, हे दिसतं. गरीब हा अंदाज. हा फरक उमगायला माझ्या वर्गाला महिना लागतो. लागू द्या.

एकदा एका मुलीने रस्त्यावरचा पुसट डाग दाखवला, ‘बाई, भूत!’ तास त्यावरच गेला. जुन्या कॅमेऱ्यात फोटो काचेच्या प्लेटवर उमटे; तिच्यावर बरेचदा काही सेकंद उजेड पडू द्यावा लागे. तेवढ्यात चालणारा माणूस पुसट व्हायचा. ‘म्हणजे बाकीचे मुद्दाम थांबलेत!’ मुलंच म्हणाली. मग कॅमेऱ्यामागे कोण, हेही त्यांनीच विचारलं. एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांचं नाव तिथे सांगा. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करतानाच ते फोटोग्राफीकडे वळले.

राजवाड्याचा १९८४ च्या आगीपूर्वीचा फोटो मिळाला तर आजच्या फोटोशेजारी ठेवा. प्रिंट मात्र मोठी काढा, मोबाईलवर नको.