आजोबांची जावा आणि पोराचा डिप्लोमा

ताई, पत्र मिळालं. तुमचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आजोबा गेल्यापासून पडवीत पडून असलेली त्यांची १९६९ची जावा मोटारसायकल त्याने नटबोल्टापर्यंत सुटी केलीय आणि आता म्हणतोय की कॉलेज सोडतो, घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्या रिस्टोअर आणि कस्टमाईज करायचं काम सुरू करतो, पहिली गाडी हीच, मागची चासी, म्हणजे सांगाडा, कापून हिची कॅफे रेसर, म्हणजे खाली हँडलची रेसिंगसारखी गाडी, करणार. वडील म्हणतायत गॅरेजच टाकायचं होतं तर फी कशाला भरली. आणि तुम्ही विचारताय की यात पोट भरतं का आणि त्याला कॉलेज सोडू द्यायचं का.

सगळ्यात आधी, आजच्या आज, त्याला सांगा की चासीला ग्राइंडर लावू नको. बाकीचं नंतर बोलू पण हे आधी, कारण कापलेली चासी परत येत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले, पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी त्यात बसते, तुमची जावा बसते, पण अट अशी आहे की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नको. म्हणजे मागचा भाग कापला की तो रस्ता बंदच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर कंपनीचं जे मूळ स्पेसिफिकेशन आहे ते परवानगीशिवाय बदलता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९च्या जानेवारीत हेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला एकेका बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे मालक म्हणजे गिऱ्हाईक, आणि ज्या गिऱ्हाइकाची गाडी पोलिसांनी उचलली ते गिऱ्हाईक परत येत नाही आणि चार लोकांना सांगतं ते वेगळंच. म्हणून माझं स्पष्ट मत, त्याने रिस्टोरेशन धरावं. कस्टमचा शौक सीट, हँडल, रंगकाम इथपर्यंत ठेवावा, आणि रंग बदलला तर तो आरसीवर चढवून घ्यावा.

आता पोट भरतं का. भरतं, पण पोरांना वाटतं तिथून नाही. पोरांना वाटतं पडीक गाडी घ्यायची, चकाचक करायची, विकायची. तसं केलं की पैसा महिनोन्‌महिने अडकतो, क्रोमवाला लटकवतो, एखादा पार्ट मिळत नाही म्हणून गाडी स्टँडवरच उभी, आणि घरात रोज तोच विषय. यात टिकणारी माणसं बघा, त्यांच्या हातात एक काम असं असतं की बाकीचे मेकॅनिक ते काम त्यांच्याकडे पाठवतात. कोणी फक्त क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनातला दांडा, बनवतो, कोणी टाकी आणि मडगार्डचं टिनकाम, कोणी वायरिंग, कोणी पिनस्ट्रायपिंग, म्हणजे रंगावरच्या बारीक रेघा. जावाचंच घ्या. टू-स्ट्रोक इंजिन, क्रँक प्रेसने बसवलेला, कनेक्टिंग रॉड बदलायचा तर क्रँक प्रेसवर उघडायचा, परत दाबायचा आणि मग सेंटरवर धरून डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं मापयंत्र, लावून सरळ करायचा, दोन-तीन शतांश मिलिमीटरची गोष्ट असते आणि ती चुकली की गाडी हँडलला मुंग्या आणते आणि नवी बेअरिंग बघता बघता खाते. हातोडी मारून अंदाजाने क्रँक सरळ करणारे भरपूर आहेत, मापून देणारे कमी. तुमच्या मुलाने ते एक काम हातात बसवलं तर कराड, सातारा, सांगलीकडचे क्रँक त्याच्या शेडमध्ये येतील आणि त्यासाठी त्याला स्वतःची एकही गाडी विकत घ्यावी लागणार नाही.

आणि इथेच त्याच्या वडिलांना सांगायचंय की फी वाया गेलेली नाही, आणि मुलाला सांगायचंय की कॉलेज सोडू नकोस. म्हैसूरचा जावा-येझ्दीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. आज बाजारात जे पार्ट मिळतात त्यातले बरेच नकली मापाचे, बसतात पण झिजतात लगेच. जो माणूस झिजलेला बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची धातूची नळी, हातात घेऊन त्याचं मूळ माप काढू शकतो, ड्रॉइंग करू शकतो, कुठला मटेरियल, कुठला फिट, किती टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, हे कागदावर लिहून टर्नरच्या हातात देऊ शकतो, तो या धंद्यात राजा आहे. हे सगळं डिप्लोमाच्या सिलॅबसमध्ये आहे, मशीन ड्रॉइंग, मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमाप, मटेरियल, कॅड म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, फक्त वर्गात ते कोरडं वाटतं कारण समोर गाडी नसते. त्याच्यासमोर आहे! त्याला म्हणावं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट याच जावावर घे, प्रत्येक पार्टचं माप घेऊन वही कर. आणि सुट्टीत, इनप्लांट ट्रेनिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या मशीन शॉपमध्ये जा, मोठ्या कंपनीचं सर्टिफिकेट नाही मिळालं तरी चालेल. लेथ, बोअरिंग, होनिंग, ओतकाम सगळं तिथे एका फेरीत बघायला मिळतं आणि जुने कारागीर विचारणाऱ्या पोराला शिकवतात, हा माझा अनुभव आहे. उद्या शेड नाही चालली तरी हाच हात त्याला चाकण किंवा शिरोलीत नोकरी देईल. ज्यांचं बारावीही झालेलं नाही त्यांना मी आयटीआयचा टर्नर किंवा मेकॅनिक मोटर व्हेईकल सुचवतो, पण तुमचा मुलगा अर्ध्या वाटेवर आलाय, त्याने पूर्ण करावं.

दुसरं शिक्षण कागदांचं, आणि ते या गाडीपासूनच सुरू होतं. गाडी अजून आजोबांच्या नावावर आहे ना? मग आधी वारसाने ट्रान्सफर, त्याचा फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. आरसी हरवली असेल तर पोलिसात तक्रार देऊन फॉर्म २६ने डुप्लिकेट. मुदत संपलेली असणारच, तर नूतनीकरणाचा फॉर्म २५, तपासणी, पर्यावरण कर. इतका जुना रेकॉर्ड कॉम्प्युटरवर नसतो बऱ्याचदा, तेव्हा आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून, घ्यावी लागते, चकरा होतात. मुलालाच जाऊ दे, वडिलांना सोबत घेऊन. व्हिंटेज नोंदणी करायची का हे त्यानंतर ठरवा, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो पण व्हिंटेज म्हणून नोंदली की ती रोज बाजाराला न्यायची नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढ्यापुरतीच. आणि उद्या दुसऱ्याची गाडी हातात घेताना चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्याने जुळवल्याशिवाय पाना लावायचा नाही. नंबर घासून परत पंच केलेला दिसला की नाही म्हणायचं, मग गाडी कितीही सुंदर असो. चोरीच्या गाडीत पोरगं अडकलेलं कुठल्याच आईला बघावं लागू नये.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या वर्षी मोठं कर्ज नको. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, फीलर गेज, चांगला पाना सेट यात पैसा घाला, मापाची हत्यारं स्वस्तातली घेऊ नका. बोअरिंग आणि क्रोम बाहेरून करून घ्यायचं. डिप्लोमा झाल्यावर, ओळखीबाहेरचं गिऱ्हाईक स्वतःहून यायला लागलं की मग उद्यम नोंदणी करून मुद्रा योजनेत शिशू गटाचं कर्ज, ५०,००० पर्यंतचं, त्यात क्रँकचा प्रेस येतो. आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक कामाला किती तास गेले हे लिहून ठेवायला लावा, कारण या धंद्यात पोरं पार्टचे पैसे घेतात आणि स्वतःच्या वेळेचे मागायला लाजतात.

एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहिलीय पण मला तीच जास्त खटकली, की तो रात्री शेडचं दार लावून स्प्रे मारतो. हे ताबडतोब थांबवा. हार्डनरवाल्या टू-के पेंटमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की जात नाही, तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. रंग बूथमध्येच मारून घ्या. जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवेने उडवायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायची. टाकीतलं जुनं पेट्रोल घरात ठेवायचं नाही. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं, म्हणून टाकी आतून साफ केल्यावर नळ्या आणि सील इथेनॉल सहन करणारे टाकायला सांगा आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवायला.

त्याच्या वडिलांना एकदा शेडमध्ये बोलवा आणि मुलाला सांगा, पिस्टन आणि सिलिंडर मापून दाखव, किती झिजलाय, कुठला ओव्हरसाईज, म्हणजे किती मोठ्या मापाचा, पिस्टन लागेल आणि का. ते त्याने नीट समजावलं तर मला परत लिहा, उद्यमनगरात कुठल्या प्रकारच्या शॉपमध्ये जायचं आणि तिथे काय विचारायचं याची यादी मी पाठवतो.