गोलीच व्हायचंय ना? मग ऐक

फुटबॉलमध्ये गोलकीपर म्हणून सोळाव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झाला, असं तुला वाटतंय. नाही रे. ही जागाच उशिरा पिकणारी. इटलीचा गोली दीनो झोफ यानं १९८२ चा विश्वचषक चाळिशीत जिंकला, तोही कर्णधार म्हणून.

उड्या नंतर मार, आधी उभं राहायला शीक. गोल ७.३२ मीटर रुंद. रेषेवर चिकटून राहिलास तर दोन्ही कोपरे उघडे. चेंडूच्या दिशेनं दोन पावलं पुढे आलास की मारणाऱ्याला गोल अर्धा दिसतो. फार पुढे गेलास तर मात्र चेंडू डोक्यावरून जातो. बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमची अख्खी आळी बघायला आली होती तेव्हा माझा तसाच गेला. आई अजून काढते तो विषय!

पायही तयार कर. १९९२ पासून आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला पास हातात घेता येत नाही. आणि आता ८ सेकंदांहून जास्त चेंडू धरून बसलास, तर समोरच्यांना कॉर्नर.

खरी परीक्षा बाकावर बसण्याची. गोली एकच खेळतो. भारताचा गोली गुरप्रीत सिंग संधू २०१४ ला नॉर्वेच्या स्टाबेक क्लबला गेला. युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता सामन्यात उतरायला २०१६ उजाडलं. म्हणून सयाजी युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरच, बाबांशी भांडू नकोस.

ग्लोव्हज महागडे नकोत. उन्हाळ्यात आपली मैदानं दगड होतात, कोपरांना पॅड आधी घे. रविवारी सहाला ये, मी चेंडू मारतो.