वाचक विचारतात: कंप्युटर नसताना काळ पळवला कसा?

प्रश्न: परवा जुना 'द टाइम मशीन' बघितला, १९६० चा, त्यात मेणबत्ती भराभर वितळते, फुलं फटाफट उमलतात, तेव्हा कंप्युटर ग्राफिक्स नव्हतं मग हे केलं कसं हो?

उत्तर: छान प्रश्न, आणि सिनेमाही माझा फार लाडका. जॉर्ज पाल दिग्दर्शक, रॉड टेलर हिरो. फुलांची ट्रिक म्हणजे टाइम-लॅप्स, कॅमेरा एका जागी फिक्स करायचा आणि थांबून थांबून एकेक फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, घ्यायची. समजा मिनिटाला एक फ्रेम घेतली आणि नंतर नेहमीच्या स्पीडने म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम चालवल्या, तर २४ मिनिटं एका सेकंदात उडून जातात, एवढंच! पण खरी कमाल मला वाटते ती समोरच्या दुकानातल्या काचेमागच्या पुतळ्याची, हिरो टाइम मशीनच्या खुर्चीत बसलेला आणि पुतळीचे कपडे बदलत जातात, फॅशन बदलते, झगे आखूड होत जातात, बास, तेवढ्यावरून आपल्याला कळतं की वर्षं चाललीत, कुणी तारीख सांगायची गरजच नाही. स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं ते अगदी योग्यच.

सिनेमा ज्यावर बेतलाय ती एच. जी. वेल्सची १८९५ ची कादंबरीही जरूर वाचा. त्यात काळातून फिरणाऱ्या प्रवाशाला नावच नाहीये, आणि सिनेमात तो १९१७, १९४० आणि १९६६ ला थांबून युद्धं बघतो ते कादंबरीत असणं शक्यच नाही, कारण दोन्ही महायुद्धं तेव्हा व्हायचीच होती, आणि १९६६ चं युद्ध तर सिनेमावाल्यांचीच कल्पना. तो पुढे जिथे पोचतो ते सन ८,०२,७०१ मात्र दोन्हीकडे तेच.