बीएड आत्ता करायचं की थांबायचं?

औसा तालुक्यातल्या एका वडलांचं पत्र आलंय. मुलगी बीएस्सी मॅथ्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हायस्कूलला शिकवायचं म्हणते. बीएड एक वर्षाचं होणार असं ऐकलंय तर थांबावं का, आणि जवळच्या एका शाळा चालवणाऱ्या संस्थेने "शिक्षकाची जागा धरून ठेवतो, आत्ता रक्कम भरा" असं सांगितलंय, तर दोन एकर रान विकावं का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

नमस्कार दादा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, रान विकू नका. मुलीचं अजून बीएड नाही, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा नाही, मग तिच्या नावाने जागा धरून ठेवणारे हे कोण? अनुदानित, म्हणजे सरकार पगार देतं त्या शाळेची जागा आधी संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मंजूर त्याचा सरकारी हिशोब) मंजूर लागते, मग तिची जाहिरात पवित्र पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवर येते, नेमणूक झाली की शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि त्यानंतर शालार्थ आयडी, म्हणजे सरकारच्या पगार प्रणालीतला नंबर. यातलं एक जरी अडकलं तरी सरकारी पगार सुरू होत नाही. संस्थेला फक्त एवढंच विचारा की जागा अनुदानित आहे का आणि संचमान्यतेचा कागद दाखवता का, बहुतेक तिथेच विषय संपेल. विनाअनुदानित तुकडीवर "आज ना उद्या ग्रँट येईल" म्हणून लागलेले लोक वीस टक्के, चाळीस टक्के ग्रँट करत वर्षानुवर्षं आझाद मैदानावर बसलेत, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेलच.

आता बीएडचं. एनसीटीईने, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, फेब्रुवारी 2025 मध्ये मसुदा काढला, त्यात चार वर्षांची डिग्री किंवा पीजी झालेल्यांसाठी एक वर्षाचं बीएड आहे. म्हणजे तीन वर्षांच्या बीएस्सीवर ते मिळणारच नाही, आधी ऑनर्सचं चौथं वर्ष करावं लागेल. मग हिशोब बघा ना, तीन अधिक दोन पाच आणि चार अधिक एक पण पाचच, मग वाचलं काय? ज्या वर्षी ती सीईटीचा, म्हणजे बीएडच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरेल त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत एक वर्षाचा कोर्स छापलेला असेल तर विचार करा, नसेल तर सरळ दोन वर्षांचं घ्या. 2030 पर्यंत चार वर्षांचं इंटिग्रेटेड बीएड हीच किमान पात्रता करायचं 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय, पण तो कोर्स बारावीनंतरचा आहे, तुमची मुलगी त्या वळणाच्या पुढे गेलीय, त्याचं टेन्शन घेऊ नका. बीएडची सीईटी शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते, ती या वर्षीच द्यायला लावा.

कॉलेज मात्र नीट बघून घ्या. आपल्याकडे "नॉन अटेंडिंग" बीएडचा धंदा जोरात आहे, फी भरा, परीक्षेला या. तसल्या ठिकाणी अजिबात नको. मी मध्ये एका सराव पाठाला मागच्या बाकावर बसलो होतो, आठवीचा वर्ग, पाठ टाचण एकदम सुंदर, फलकलेखन पण मस्त, आणि एका पोराने विचारलं की वजा गुणिले वजा अधिक का होतं. छात्राध्यापिका म्हणाली "तो नियम आहे, लिहून घ्या" आणि फळा पुसला. नंतर तिच्या मॅडमनी तिला बसवून वजा तीन गुणिले दोन, गुणिले एक, गुणिले शून्य असं खाली खाली लिहायला लावलं, उत्तर दर वेळी तीनने वाढतंय हे तिला स्वतःलाच दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने तोच पाठ परत घेतला. ही अशी मॅडम ज्या कॉलेजात आहे तिथे ॲडमिशन घ्या, मग ते लातूरला असो की उदगीरला, आणि हे तिथल्या मागच्या बॅचच्या मुलींनाच विचारा, प्राचार्यांना नको.

परीक्षांमध्ये लोक गल्लत करतात म्हणून सांगतो. नववी-दहावीच्या जागेला सध्या टीईटी लागत नाही, पण तिने टीईटीचा पेपर दोन, म्हणजे सहावी ते आठवीचा, द्यावाच. आपली हायस्कुलं पाचवीपासून असतात, गणित-विज्ञानाच्या बऱ्याच जागा सहावी ते आठवीच्या निघतात आणि तिथे टीईटीशिवाय चालत नाही. सप्टेंबर 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात तर पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी राहिलेल्या जुन्या गुरुजींनाही ती पास व्हायला सांगितलंय. टीईटी एकदा पास झाली की आयुष्यभर चालते. दुसरी परीक्षा वेगळी, टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, दोनशे मार्कांची, पवित्रची मेरिट यादी तिच्यावर लागते. ती 2017 ला झाली, मग थेट 2023 ला, मग 2025 ला. दर वर्षी येत नाही, त्यामुळे आली की बसायचंच, 2025 ला बीएडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही बसू दिलं होतं.

पगाराचं पण ऐकून ठेवा, माध्यमिकला पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना अठरा हजार. पुण्यात खोली घेऊन राहायचं झालं तर घरून पैसे पाठवावे लागतील, तेव्हा रानाचं उत्पन्न त्या तीन वर्षांसाठी ठेवा. केंद्रीय विद्यालयाचा फॉर्म भरायचा असेल तर सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, पण देऊन ठेवायला सांगा, अभ्यास बराचसा तोच आहे. आणि आरक्षणातून फॉर्म भरणार असाल तर जातीची व्हॅलिडिटी आत्ताच काढायला टाका, ॲडमिशनच्या गर्दीत ती वेळेवर हातात पडत नाही.