दांडी, बुट्टी, चालढकल : इंग्रजीत नेमकं काय लिहाल?

प्रश्न : लोअर परळच्या ऑफिसात माझ्या हाताखाली आठ जण आहेत. वार्षिक अप्रेझलचे शेरे इंग्रजीत लिहावे लागतात. एकाबद्दल ‘लोफर’ लिहिलं, तर वरिष्ठांनी खोडायला लावलं. मग ‘कामचुकार’ला शब्द कुठला?

उत्तर : खोडायला लावलं ते योग्यच. आपल्याकडे लोफर म्हणजे नाक्यावर उभा राहून मुलींची छेड काढणारा मवाली. इंग्रजीत तो नुसता रिकामटेकडा असतो, नाहीतर बिनलेसाचा बूट. वाचणारा इथला असेल तर ती शिवी होते.

‘कामचुकार’चा सगळा अर्थ इंग्रजीतला एकच शब्द पेलत नाही. आधी माणूस नेमकं काय करतो ते पाहा. अंगावर सोपवलेली जबाबदारी चुकवत असेल तर ‘शर्क’. कोणती जबाबदारी, ते लगेच पुढे लिहा, नाहीतर नुसता आरोप उरतो. उच्चार ‘शर्क’च करा, ‘शार्क’ म्हणजे मासा.

आधी नीट काम करायचा आणि आता ढिला पडलाय, त्याला ‘स्लॅक ऑफ’. हा शब्द नीट कळायला चाळीच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी पाहा. नवी बांधली तेव्हा ताठ असते. पावसाळ्यात तिच्यावर चार ओल्या चादरी पडल्या की मधोमध खाली येते आणि चादरीचं टोक लादीला टेकतं. त्याला आपण दोरीला झोल आला म्हणतो. इंग्रजीत तोच ‘स्लॅक’. म्हणून जो कधीच ताठ नव्हता त्याला ‘स्लॅक ऑफ’ शोभत नाही. कधीपासून, ते सांगा : मार्चपासून, बदली झाल्यापासून. याच दोरीवरून आलेल्या दोन वाक्प्रचारांत हमखास गल्लत होते. ‘टेक अप द स्लॅक’ म्हणजे झोल काढणं, एकाचं राहिलेलं काम दुसऱ्याने उचलणं. ‘कट हिम सम स्लॅक’ म्हणजे त्याला जरा सांभाळून घ्या, सवलत द्या. कडक शेरा म्हणून हे दुसरं लिहिलंत, तर तुम्ही त्याची रदबदली केलीत असा अर्थ होईल.

वेळेवर येतो, मस्टरवर सही करतो, पण पाट्या टाकतो? तो ‘गोइंग थ्रू द मोशन्स’. हात चालतात, लक्ष नसतं. हुशार माणूस जुन्या पुण्याईवर दिवस काढत असेल तर ‘कोस्टिंग’, म्हणजे उतारावर पेडल न मारता सोडलेली सायकल. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ म्हणजे आपली चालढकल. त्यात लॅटिनमधला ‘क्रास’, म्हणजे ‘उद्या’, दडलाय. असा माणूस काम नाकारत नाही, उद्यावर ढकलतो. त्याला शर्क म्हणणं अन्यायाचं आहे.

‘आयडल’ जपून वापरा. माल आला नाही म्हणून दोन तास बसून राहिलेला कामगारही आयडल, बंद पडलेलं यंत्रही आयडल. त्यात दोष कोणाचा, हे शब्द सांगत नाही. ‘लेझी’ हा थेट स्वभावावरचा शेरा, तो फॉर्मवर नकोच. आमचा आग्रह असा, की विशेषणाऐवजी ‘मार्चपासून तीन रिपोर्ट मुदतीनंतर दिले’ असं लिहा. ते खोडायला कोणी सांगणार नाही.

प्रश्न : दादरच्या कॉलेजात शिकवतो. मुलं ‘बंक मारला’ म्हणतात. हे इंग्रजी खरं का?

उत्तर : मूळ खरं, वापर आपला. ‘डू अ बंक’ म्हणजे पोबारा करणं, ही एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश बोली. शाळा चुकवण्याला तिकडे ‘बंक ऑफ’ म्हणतात. आपण ‘ऑफ’ टाकून दिला आणि थेट ‘बंक अ लेक्चर’ केलं. दांडी, बुट्टी, कल्टी या सगळ्यांना मराठी ‘मारणे’ लावते, तसं तिकडे बंक, स्लॅक, गूफ, स्काइव्ह यांना ‘ऑफ’ लागतं. मात्र ‘गूफ अप’ केलंत तर अर्थ बदलतो : काम टाळलं नाही, काम बिघडवलं.

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांना सांगा, तिथे ‘कट क्लास’ किंवा ‘स्किप’ म्हणा. तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ‘बंक’ म्हटल्यावर एकावर एक पलंग येतात, नाहीतर थापा. ‘प्रॉक्सी लावली’ हेही तिथे कळणार नाही. ‘दुसऱ्याच्या नावाने सही केली’ असं सरळ सांगावं लागेल.

प्रश्न : अंधेरीत एचआरमध्ये आहे. न सांगता गैरहजर राहणाऱ्याला आम्ही ‘अ‍ॅब्स्कॉन्डिंग’चं पत्र पाठवतो. आजारी असल्याचं खोटं सांगणाऱ्याला ‘मॅलिंगरिंग’ लिहू का?

उत्तर : दोन्ही टाळा. ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’ म्हणजे फरार होणं, अटक किंवा पैशांचा हिशेब चुकवण्यासाठी पळून जाणं. चार दिवस फोन न उचलणारा फरारी नसतो, कदाचित इस्पितळात असेल. ‘अमुक तारखेपासून परवानगीशिवाय गैरहजर’ एवढंच लिहा आणि उत्तराची मुदत द्या.

‘मॅलिंगर’ म्हणजे फायद्यासाठी जाणूनबुजून आजाराचं सोंग घेणं. हा वजनदार आरोप आहे. 1950च्या भारतीय सैन्याच्या कायद्यात, कलम 46 मध्ये, तो गुन्हाच ठरवलाय. तपासणी न करता कारकुनाने तो कागदावर आणू नये. ब्रिटिश लोक गप्पांत ‘पुल अ सिकी’ म्हणतात, तेही पत्रात चालणार नाही. न सांगता निघून जाण्याला म्हणतात ती ‘फ्रेंच लीव्ह’ही बोलण्यापुरतीच. गंमत अशी की फ्रेंच लोक त्याच प्रकाराला ‘इंग्रजांसारखं निसटणं’ म्हणतात.

प्रश्न : ‘गो स्लो’ आणि हल्लीचं ‘क्वाएट क्विटिंग’ एकच का?

उत्तर : नाही. गो स्लो हा संघटित दबाव आहे, सगळ्यांनी ठरवून उत्पादन कमी करायचं. महाराष्ट्राच्या 1971च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याने मुद्दाम केलेला गो स्लो, घेराव यांच्यासोबत, कामगार संघटनांच्या अनुचित प्रथांत धरला. 2022 मध्ये गाजलेलं क्वाएट क्विटिंग एकेकट्याचं असतं : ठरलेलं काम ठरलेल्या वेळात करायचं, त्यापलीकडे काही नाही. सहा वाजता उठणाऱ्याला कामचोर म्हणणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : धारावीत पाकिटं बनवतो. लंडनच्या गिऱ्हाइकाला ‘माझी पोरं स्कायव्हिंग करताहेत’ असं इंग्रजीत कळवलं, तर त्याने ‘मग ऑर्डर वेळेवर मिळेल ना?’ असं विचारलं. काय चुकलं?

उत्तर : कातड्याची कड दुमडल्यावर जाड होऊ नये म्हणून ती पात्याने तासून पातळ करायची, ते तुमचं स्कायव्हिंग. तो शब्द जुन्या नॉर्स भाषेतला. काम चुकवण्याचा ‘स्काइव्ह’ वेगळा, बहुधा फ्रेंच ‘एस्किव्हे’, म्हणजे हुलकावणी देणे, यावरून आलेला आणि विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये रुळलेला. उच्चार दोन्हींचा एकच. पोरं टंगळमंगळ करताहेत, असं गिऱ्हाइकाने वाचलं. पुढच्या वेळी ‘स्कायव्हिंग द एजेस’ लिहा, ‘कडा’ शब्द आला की घोटाळा होणार नाही.